मुदत टळलेल्या जाहिराती

पहिल्या भेटीत मावशीनं मला नाव विचारलंच नाही.

लोणावळ्याच्या बाजारात एका भुसाऱ्याच्या दुकानामागं तिची खोली होती. पुढ्यात खळीचं पातेलं, एका बाजूला जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग, दुसऱ्या बाजूला तयार झालेल्या पिशव्यांच्या चळती, आणि मधे मांडी घालून मावशी. मला कुणीतरी सांगितलं होतं, की इंग्रजी वाचता येणारा मुलगा तिला हवा आहे. म्हणून शाळा सुटल्यावर मी गेलो होतो. दारातच तिनं मला थांबवलं.

"कितवीत?"

"इंग्रजी पाचवीत."

"मार्क?"

मी सांगितले.

"बाप?"

या प्रश्नाला मी नेहमीच अडखळत असे. "लढाईवर गेलता. बेपत्ता हाय."

"मंजे मेला न्हाई?"

"आई म्हनती, न्हाई."

"आन् सरकार काय म्हनतंय?"

"सरकार म्हनतंय, मेला."

तिनं खळीचं बोट फडक्याला पुसलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग विचारलं, जमीन किती, कुणाच्या नावावर, चुलता वेगळा की एकत्र, भावंडं किती, मी चष्मा लावतो का. माझ्या जन्मापासून इतके प्रश्न मला कुणी विचारले नव्हते. शेवटी म्हणाली, "बरा हायेस. बस खाली. आन् हे वाच."

तिनं एक इंग्रजी वर्तमानपत्र पुढं सारलं. कोपऱ्यातल्या एका चौकटीवर तिचं बोट होतं. मी अडखळत वाचलं. मुंबईच्या कुठल्याशा ट्रस्टातर्फे कॉलेजात शिकणाऱ्या गरीब मुलांना शिष्यवृत्त्या देणे आहेत, अर्ज अमुक तारखेच्या आत पोहोचावेत. ती तारीख वाचून मी थांबलो.

"मावशी, ह्याची मुदत गेली की. दीड महिना झाला."

"औंदाची गेली," ती म्हणाली. "पुढल्या सालची कुटं गेलीया?"

आणि कात्रीनं ती चौकट अलगद कापून घेऊन राहिलेल्या कागदाची तिनं पिशवी दुमडली.

लोणावळ्यात मुंबईच्या धनिकांचे बंगले होते. उन्हाळ्यात आणि दिवाळीला ती माणसं यायची, वर्तमानपत्रं वाचून व्हरांड्यात टाकायची. ती परत गेली की बंगल्याचे माळी रद्दी बांधून मावशीला आणून द्यायचे. म्हणजे जगातली कुठलीही बातमी मावशीला कळायची ती महिना-दोन महिने उशिरा. पण न वाचलेला कागद तिनं कधी दुमडला नाही. माहेरी मराठी चौथीपर्यंत शिकली होती, तेवढ्या शिदोरीवर ती अग्रलेखापासून औषधांच्या जाहिरातींपर्यंत सगळं ओठ हलवत वाचायची. आणि शिष्यवृत्तीची जाहिरात दिसली की कापायची.

इंग्रजी तिला येत नव्हतं. पण 'स्कॉलरशिप' हा एक शब्द ती आकारावरून ओळखायची. "पयलं अक्षर नागावानी वळलेलं, मदी तीन काट्या उभ्या, आन् शेवटल्याची शेपटी खाली." कधी काठ्या मोजायला चुकायची. त्यामुळं तिच्या कात्रणांत आगबोटीच्या, म्हणजे 'स्टीमशिप' कंपन्यांची वेळापत्रकंही बरीच असत. मी ती वेगळी काढून दिली की खट्टू होऊन म्हणायची, "ऱ्हाऊ दे. एखाद्याला बोटीनं जायाचं आसलं तर?"

भिंतीवर ओळीनं बारा खिळे होते. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असे. ज्या महिन्यात अर्ज करायचा त्या खिळ्याला ते कात्रण अडकवलेलं. गेल्या वर्षीची जाहिरात, यंदा त्याच सुमाराला ती पुन्हा येणार, आणि वर्तमानपत्र आपल्याला मिळेपर्यंत मुदत संपलेली असणार. म्हणून जाहिरात येण्याआधीच अर्ज तयार हवा, असा तिचा साधा विचार होता. तो विचार शंभरातल्या नव्याण्णव वेळा बरोबर ठरायचा. फक्त अधिक महिना आला की घोटाळा व्हायचा. सगळे खिळे महिनाभर मागं पडायचे. एका अधिकात तीन मुलांचे अर्ज उशिरा पोहोचले, तेव्हा मी तिला म्हटलं, "खिळ्यांना जानेवारी-फेब्रुवारी नाव देऊ या." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुज्या त्या म्हैन्यांना चंद्र तरी हाय का? रात्री बघून कळतंय का, किती तारीख ती?" मग आम्ही तोडगा काढला. खिळे तिचे राहिले, आणि प्रत्येक कात्रणावर इंग्रजी तारीख मी तांबड्या शाईनं लिहायची.

शिष्यवृत्त्यांच्या अटी वाचताना मला हसू यायचं. तिला कधीच आलं नाही. कुणाला फक्त आई नसलेला मुलगा हवा असायचा, कुणाला घाटमाथ्यावर जन्मलेला, कुणाला आपल्याच आडनावाचा. देणाऱ्याच्या मनात काय असेल याचा ती विचार करायची. "बिचाऱ्याची आय ल्हानपनी गेली आसंल," ती म्हणायची. त्या अटींमुळं तिची माणसांकडं बघायची दृष्टीच बदलून गेली होती. बाजारात मुलगा दिसला की ती त्याला त्याच्या अटींनी हाक मारायची. "अरं ए, आय नसलेल्या! गणिताचं काय झालं?" अशी तिची हाक भर चौकातून यायची. कोवळी पोरं रडकुंडीला येत. आया भांडायला येत. मावशी शांतपणे विचारायची, "मग हाय का आय? खोटं बोलले का मी?"

खोट्यावर तिचा फार राग. एका गृहस्थानं आपल्या ट्रस्टात अट घातली होती की विद्यार्थी चहा पिणारा नसावा. आंबी गावचा एक हुशार मुलगा त्या शिष्यवृत्तीत बाकी सगळ्या बाजूंनी बसत होता, पण चहाबाज होता. तो म्हणाला, "न्हाई पीत म्हनून लिवून टाकू, मावशी. त्यांना काय कळतंय?" मावशीनं त्याच्या हातातला टाक काढून घेतला. "त्यास्नी न्हाई कळायचं. मला कळंल. आजपासनं बंद. तीन म्हैन्यांनी अर्ज." आणि ते तीन महिने ती रोज सकाळी त्याला रस्त्यात गाठून तोंडाचा वास घ्यायची. मुलाला शिष्यवृत्ती मिळाली, तो मोठा इंजिनिअर झाला. पुढं एकदा भेटला तेव्हा मी चहा मागवला, तर यानं कप हातभर लांब सरकवला. म्हणाला, "अजून धीर होत नाही."

अर्ज ज्याचा त्यानंच लिहायचा. मजकूर ती सांगायची. बोलताना 'हितं-तितं' करणारी मावशी अर्ज सांगू लागली की "कृपावंत धर्मदाते यांचे चरणी विनंती विशेष" असं घडाघडा बोलायची. अक्षर वाकडं आलं की कागद फाडायचा, पुन्हा लिहायचा. आणि लिहून झालेला अर्ज टपालपेटीत टाकायचा नाही. पेटीवर तिचा विश्वास नव्हता. मुंबईकडं जाणारी मेल घाट उतरायच्या आधी लोणावळ्याला जरा जास्त थांबे. मावशी पाकीट घेऊन टपालाच्या डब्यापाशी जायची, खिडकीवर टकटक करायची आणि आतल्या टपालबाबूला म्हणायची, "पत्ता वाचा." तो बिचारा वाचायचा. "मोठ्यानं वाचा." तो मोठ्यानं वाचायचा. मग ती पाकीट सोडायची.

तिच्या कपाळावर कुंकू नव्हतं. मी तिला विधवाच समजत होतो. पुढं कधीतरी भुसाऱ्याच्या बायकोनं मला सांगितलं, की मावशीचा नवरा चांगला धडधाकट आहे. मुंबईला गिरणीत आहे, दुसरीबरोबर संसार करतो. मावशी एकदा त्याला शोधत गेली, दारातूनच सगळं बघितलं, आणि परत येताना गाडीत कपाळ पुसून टाकलं. नवरा जिवंत असताना असं केलं म्हणून बायका तिला टाळायच्या. हळदीकुंकवाला बोलवत नसत ते नसत, सकाळी सकाळी तिचं तोंडही पाहत नसत. तिला त्याचं काही वाटत असेल, तर ते आम्हांला कधी दिसलं नाही. मुलबाळ नव्हतं. कुणाला शिकवून तिला काय मिळत होतं, हे लोणावळ्याला कधी कळलं नाही.

आमच्या घरची गोष्ट उलटी होती. मळवलीपासून कोसभर आत आमचं गाव. मी दोन वर्षांचा असताना वडील पलटणीत भरती झाले आणि पहिल्या महायुद्धात इराकमध्ये बसऱ्याकडं गेले. मग बेपत्ता असल्याचा कागद आला आणि काही वर्षांनी दुसरा कागद आला, की मयत समजावे. विधवेला पेन्शन मिळेल, अंगठा द्यायला या. आई गेली नाही. चुलत्यानं समजावलं, पाटलानं समजावलं. आई म्हणाली, "समजावं मंजे काय? बघितलं का कुनी?" ती ठळक कुंकू लावायची. आणि तिच्या बोलण्यात वडील रोज असायचे. गोठ्याची मेढ वाकली, तर "तुजा बा आला म्हंजे बदलंल". माझ्या वहीत शाईचा डाग पडला, तर "तुज्या बाला दाव, मग कळंल". मला वडिलांचा चेहरा आठवत नव्हता. पण ते कुठंतरी वाटेत आहेत, असं समजूनच मी वाढलो.

मी मॅट्रिक झालो. घाटात विजेची इंजिनं नवीनच आली होती, तो सुमार. निकाल सांगायला मी मावशीकडं गेलो, तर तिनं पेढा घेतला, बाजूला ठेवला, आणि वैशाखाच्या खिळ्याचं एक जीर्ण कात्रण काढून माझ्यासमोर धरलं. लढाईत पडलेल्या शिपायांच्या मुलांसाठी कॉलेजची शिष्यवृत्ती. पदवी मिळेपर्यंत, राहण्याखाण्यासकट. कात्रणावर माझ्याच हातची तीन वर्षांपूर्वीची तांबडी तारीख होती. तेव्हा मी ती लिहिली होती, पण ती कुणासाठी ठेवली हे मला कळलं नव्हतं.

"तू पयल्या दिवशी दारात हुबा ऱ्हायलास, तवाच ही तुजी ठरली," मावशी म्हणाली.

अट एकच अवघड होती. मुलाच्या आईनं मामलेदारापुढं विधवा म्हणून जबाब द्यायचा.

"आई न्हाई देनार," मी म्हटलं.

"मी येती."

दुसऱ्या दिवशी मावशी गाडीनं मळवलीला उतरली. तिथून उन्हात चालत आमच्या घरी आली. आईनं पाणी दिलं, गूळ दिला, तिच्या कपाळाकडं पाहून हळूच "कवा गेलं?" असं विचारलं. मावशीनं त्याला उत्तर दिलं नाही. ती मला शिकवणारी मावशी, एवढं आईला ठाऊक होतं. मावशीनं आडपडदा न ठेवता शिष्यवृत्तीचं सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोराला शिकवायचंय मला बी. पर त्यास्नी मेलं म्हनायला मी कोन? कुटं हाडं बघितली का मी?" आणि उठून कामाला लागली.

मला वाटलं, मावशी आता भांडेल. अटी वाचून दाखवील. पण तिनं पदर खोचला आणि आईच्या मागोमाग रानात गेली. भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस होते. दोघी शेण, पालापाचोळा वाहत राहिल्या. मावशी त्या दिवशी परत गेली नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. तिच्या पिशव्या लोणावळ्याला तशाच पडल्या होत्या. शिष्यवृत्तीचा शब्द तिनं पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला चुलीपुढं दोघी बसल्या होत्या. आई भाकरी थापत होती. मावशी म्हणाली, "कसं व्हतं गं तुजं मालक?"

आई थापता थापता थांबली. असं तिला कुणी विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे ते कागदाचं, पेन्शनचं. मग ती बोलू लागली. वडिलांना वांगं आवडायचं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ते चालताना शीळ घालायचे आणि शीळ नेहमी बेसूर असायची. मी जन्मलो तेव्हा मला हातात घ्यायला घाबरले आणि सुपात ठेवा, मग बघतो, म्हणाले. निघाले त्या दिवशी एका वहाणेचा अंगठा तुटलेला होता. आई म्हणाली, थांबा, चांभाराकडून सांधून आणते. ते म्हणाले, पुण्यात सांधून घेईन, गाडी जाईल. "तुटकी व्हान घालून गेलं," आई म्हणाली. "सांदली का न्हाई, कुनास ठावं." आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा तिला रडताना पाहिलं.

मावशीनं तिच्या हातातली भाकरी घेतली आणि तव्यावर टाकली.

जरा वेळानं आईनं विचारलं, "तुजं कवा गेलं? सांगितलं न्हाईस."

"गेला न्हाई. हाय. ममईला, दुसरीसंगं."

आई बघतच राहिली. "मग कुक्कू?"

"लावायला गेलं की हात थरथरायचा. मग सोडून दिलं."

चूल धुपत होती. आईनं फुंकणीनं जाळ केला आणि मान न वळवता म्हणाली, "कचेरीत कवा जायाचं?"

तालुक्याच्या कचेरीत गर्दी होती. आमचा नंबर लागला तेव्हा कारकुनानं कागद वाचला, आईकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण गोंधळला. "बाई, विधवेचा जबाब आहे हा. तुमच्या कपाळी कुंकू. साहेबांपुढं कसं नेऊ?"

मावशी पुढं झाली. "कागदात कपाळाचं कुटं लिवलंय? दावा बरं मला."

"तसं लिहावं लागत नाही, मावशी."

"मी समदं वाचलंय. कपाळाचं न्हाई त्यात."

तिचा आवाज चढत होता. तेवढ्यात आईनं तिच्या दंडाला धरून तिला मागं घेतलं आणि पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही. लाल ओरखडा कानशिलापर्यंत गेला. मग पुन्हा पुसलं. मी म्हटलं, "आई, नको. नको मला कॉलेज." ती म्हणाली, "गप."

मामलेदारानं जबाब वाचून दाखवला. माझा पती लढाईत मयत झाला आहे. मग विचारलं, "खरं आहे?"

"सरकार म्हनतंय न्हवं?" आई म्हणाली.

"सरकारचं झालं. तुम्ही काय म्हणता?"

मावशीनं मान खाली घातली होती. आई म्हणाली, "व्हय," आणि अंगठा दिला.

बाहेर कडुनिंबाखाली आलो. मावशीनं कनवटीला हात घातला आणि एक पुडी काढली. तिनं स्वतःच बांधलेली, वर्तमानपत्राच्या कागदाची. आत कुंकू होतं. म्हणजे सकाळी घरून निघतानाच तिला ठाऊक होतं. ती आईपुढं उभी राहिली आणि एकदम तिचा हात अवघडला.

"माज्या हातानं लावू का? तुला चालत आसंल तर."

आजूबाजूला कचेरीत आलेल्या बायका होत्या. त्या बघत होत्या. आईनं मान पुढं केली. मावशीनं कुंकू लावलं, तर्जनीनं, अगदी सावकाश. तिचा हात थरथरला नाही.

परतीच्या गाडीत दोघी समोरासमोर बसल्या होत्या. मळवलीला आम्ही उतरताना मावशी मला म्हणाली, इतकं हळू की स्वतःशीच म्हणाली असेल, "आज आपुन खोटं लिवलं का रं?"

शिष्यवृत्ती मिळाली. मी पुण्याला गेलो, बी. ए. झालो, शाळेत मास्तर झालो. माझ्या घरात आज जे काही आहे ते त्या वैशाखातल्या कात्रणामुळं आहे.

पण त्या दिवसानंतर आईच्या बोलण्यातून वडील गेले. कुंकू ती शेवटपर्यंत लावत होती. पण "तुजा बा आला म्हंजे" हे शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकले नाहीत. पहिल्या सुटीत घरी आलो, तेव्हा गोठ्याची मेढ बदललेली दिसली. आईनं सुताराला बोलावून बदलून घेतली होती. मला ती नवी मेढ बघवेना.

आईच्या बोलण्यात वडील उरले नाहीत, हे मावशीनं माझ्याकडून काढून घेतलं. प्रत्येक सुटीत मी तिच्याकडं जायचो. ती आधी मार्क विचारायची, मग इकडचं तिकडचं. मग खळ ढवळत म्हणायची, "आई काय म्हनती? काडती का नाव?"

"न्हाई, मावशी."

मला दिसत होतं, की त्या एका जाहिरातीची चौकट ती आता कापत नसे. डोळ्यांसमोर आली तरी तशीच दुमडायची. एकदा लढाईत वारलेल्या एका शिपायाचा मुलगा आला, त्याचे वडील खरोखरच, सगळ्यांच्या देखत पलटणीच्या इस्पितळात वारलेले. त्याला तिनं माहिती सगळी दिली, पण अर्जाचा मजकूर घ्यायला हेडमास्तरांकडं पाठवलं. म्हणाली, "त्यो माज्या हातनं नगं."

एकदा मी तिला सांगितलं, "मावशी, आईनं तुझ्यावर कधी राग धरला नाही. ती तुझी आठवण काढते." हे खरं होतं. आई दर दिवाळीला माझ्याबरोबर तिला नवे तांदूळ पाठवायची. मावशी म्हणाली, "ठावं हाय मला. राग धरला आसता तर बरं वाटलं आसतं." आणि पिशव्या मोजायला लागली.

दुसरी लढाई सुरू झाली आणि कागद महागला. वर्तमानपत्रं चार पानांवर आली. बंगल्यांतून रद्दी येईनाशी झाली. आली तरी तिच्यात शिष्यवृत्तीच्या चौकटी कुठल्या? मी तेव्हा सोलापूरकडं नोकरीला होतो. माझ्या शाळेत येणारी वर्तमानपत्रं मी तिला टपालानं पाठवू लागलो. तिचं उत्तर यायचं पोस्टकार्डावर, अर्जाच्या भाषेत. "आपण पाठविलेले अंक पावले. त्यात उपयोगी तीन. बाकी बोटीचे." डोळे अधू झाले होते, तरी बोटीवर विनोद करण्याइतकी ती शाबूत होती. मग एका पावसाळ्यात पोस्टकार्ड आलं नाही. दुसऱ्या महिन्यातही नाही. भुसाऱ्यानं कळवलं, तोवर सगळं होऊन गेलं होतं. ताप चार दिवसांचा. नवऱ्याला मुंबईला तार केली होती, तो आला नाही. तिरडीला खांदा द्यायला बाजारातली पोरं होती, आणि आंबीचा तो इंजिनिअर योगायोगानं गावी आला होता, तो होता. मी नव्हतो.

मी तेव्हा जाऊन यायला हवं होतं. निदान ती खोली बघायला. सुटी नव्हती, गाड्यांत पलटणी चालल्या होत्या, जागा मिळत नसे, ही सगळी कारणं खरी आहेत. पुढं कधीतरी गेलो, तर खोलीत भुसाऱ्याची पोती रचलेली होती.

तिच्याबद्दलची एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, आईलाही नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, संध्याकाळी मी बाहेर पडत होतो. फाटकावरच्या शिपायानं मला हाक मारली.

"तुमच्याकडच्या एक बाई आल्या होत्या. तुमची चौकशी करत."

"कोण? कुठं आहेत?"

"गेल्या की दुपारीच. हा मुलगा रोज येतो का, विचारलं. म्हटलं, येतो. मग म्हणाल्या, कुठं बसतो ते लांबून दाखवता का. मी वर घेऊन गेलो. व्हरांड्यात खांबाआड उभ्या राहिल्या. बोलावू का म्हटलं, तर म्हणाल्या, नगं, त्यो ऐकतोय."

"किती वेळ होत्या?"

"घंटा होईपर्यंत. मी पाणी विचारलं. नको म्हणाल्या. जिना उतरताना कठडा हातानं चाचपत उतरल्या, लाकूड चांगलं आहे म्हणाल्या."

मी स्टेशनकडं पळालो. लोणावळ्याची गाडी केव्हाच गेली होती. सुटीत तिला भेटलो तेव्हा ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही, मार्क विचारले. आणि मीही काही विचारलं नाही. तिनं जे लपवलं ते उघडं पाडावं, असं मला वाटलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं. वर बोलावून, बाकावर बसवून, सगळं कॉलेज हिंडवून दाखवायला हवं होतं.

तो कुठला तास होता, हे शिपायाला सांगता आलं नव्हतं. त्या वर्षी दुपारी आमचे दोन तास असत. एका तासाला मी पुढं बसून कान देऊन ऐकायचो. दुसऱ्याला मागच्या बाकावर बसून उघड्या डोळ्यांनी झोपायचो. मावशी आली तो पुढं बसायचा तास होता, असं मी इतकी वर्षं धरून चाललो आहे.